दाढेले दोन मार्क

११ जून १९७३, सोमवार

ही डायरी मागल्या सालची आहे. सोडावॉटरवाल्यानं देल्ली होती. छापलेले वार जुळत नाहीत, म्हणून मी ते खोडून माझे लिहून राहिली. अक्षर विहारातल्या प्रौढ वर्गाचं, तीन महिन्यांचं. पण वाचणार कोण? मीच.

आज प्रेमिलाचा नंबर लागला. दाताच्या सरकारी कॉलेजात! माझी नात, मारोतीची पोट्टी. आमच्या पाचपावलीच्या गल्लीत आजपर्यंत साधा कंपाउंडर नाही निघाला, अन् आता डॉक्टरीण निघणार, ते बी आमच्या घरातून. दीक्षेच्या दिवशी ही सव्वा सालाची होती, माझ्या कडेवर. त्या गर्दीत तिनं माझा खांदा चावला होता. चार दात होते तेव्हा, चारही उमटले. खूण अजून आहे.

खुशीच्या भरात सकाळची कढई जाळली. गुळाचा पाक पार कोळसा. शाळेच्या फाटकासमोर आज माझी चिक्की नव्हती, पोट्टे वाट पाहून गेले असतील. जाऊ दे. प्रेमिला माझ्याच चिक्कीवर अन् रेवडीवर वाढली. दाढ दुखली की मी तिले नत्थूकडं नेत होती. नत्थू बर्डीच्या बाजारात झाडाखाली बसते, समोर चादरीवर दात मांडून. तीन दाढा काढल्या त्यानं हिच्या, एकदा बी रडली नाही. तेव्हाच मी म्हटलं होतं, या पोरीचं दातात काहीतरी होणार.

मारोती गिरणीतून आला. बातमी ऐकून हसला, मंग खाटेवर बसला तो उठलाच नाही. म्हणे, माय, चार सालाची फी, पुस्तकं, हत्यारं, वरून शिकायले माणसाची खोपडी बी विकत घ्या लागते म्हणे. खोपडी मी कुठून आणू? मी म्हटलं, तुझी दे, बिनकामाचीच आहे. कांता हसली. कांता माझी सून. मारोती नाही हसला.

फी भरायची शेवटची तारीख सहा ऑगस्ट. नाही भरली तं जागा खालच्या नंबरवाल्याले.

मी आहे ना.

१२ जून, मंगळवार. सकाळी ८

समोरचा धोंडबा पेपर घेऊन आला. धोंडबा मिलिटरीतून रिटायर. पंधरा साल होता. तिथं लंगरात स्वयंपाक करत होता, पण मिलिटरी ते मिलिटरी. पेपरात आलं म्हणे, दाताची डॉक्टरी शिकणाऱ्याइले मिलिटरी स्कॉलरशिप देऊन राहिली. फी, पुस्तकं, राहणं, सगळं त्याइचं. डॉक्टर झाल्यावर काही सालं मिलिटरीत नोकरी कराची, बस. पोरीइले बी चालते. अर्ज तीस जूनच्या आत.

मी तिथंच निश्चय केला.

एक, या अर्जाचं सगळं मी पाहीन. मारोती भोळा, कांता घाबरट, प्रेमिला लहान.

दोन, गुडाखू आजपासून बंद. ज्या घरातून दाताची डॉक्टरीण निघणार, त्या घरच्या बुढीनं बोटावर तंबाखू घेऊन हिरड्या घासत बसावं, हे बरोबर नाही.

दुपारी. डबी अर्धी भरलेली आहे. फेकणं म्हणजे नुकसान. संपली की बंद.

१६ जून, शनिवार

फॉर्म आला. चार पानं. प्रेमिलानं भरला, मी बाजूले बसून लक्ष ठेवलं. फॉर्म इंग्रजीत होता, तरी बरोबर भरून राहिली हे चेहऱ्यावरून कळते.

एका जागी बापाची सही पाहिजे. मारोती म्हणे, मी सही नाही करत. पोट्टी मिलिटरीत गेली तं तिच्याशी लग्न कोण करीन? मी म्हटलं, कर्नल करीन. तो म्हणे, माय, तुले मस्करी सुचून राहिली, उद्या लढाई लागली तं? मी म्हटलं, लढाईत दाताले कोण विचारते गा, तिथं पूर्ण मुंडकंच उडते.

हे ऐकून कांता रडायले लागली. मी वाईट काय बोलली?

१७ जून, रविवार

उपोषण. मारोती सही करत नाही तोवर अन्नाचा कण नाही. सकाळी सातले सुरू केलं, सगळ्याइले सांगून.

दहाले कांतानं पोहे केले, वरून चण्याची तर्री. वास घरभर. पोहे काही अन्नात येत नाहीत, फराळात येतात. एकच बशी घेतली. मंग अर्धी.

साडेअकराले मारोतीनं सही केली! त्याच्या आधी प्रेमिला त्याच्याजवळ तासभर बसली होती, हळू आवाजात काहीतरी सांगत होती. काय सांगत होती मले ऐकू आलं नाही, तर्रीनं नाक गळून राहिलं होतं. पण काम उपोषणानं झालं हे कोणीबी सांगीन.

२४ जून, रविवार

धोंडबा म्हणे, मिलिटरीत पहिले चाल पाहतात. म्हणून रोज सकाळी मैदानात प्रेमिलाचं लेफ्ट-राइट ठेवलं. ती म्हणे, आजी, ते मले अभ्यासाचं विचारतील, चालून नाही दाखवायचं. मी म्हटलं, तुले काय माहीत, धोंडबाले पंधरा सालाचा अनुभव आहे. ती पुस्तक घेऊन घरीच बसली. धोंडबा बिचारा शिटी घेऊन उभा. मंग त्याची शिटी वाया जाऊ नये म्हणून परेड मीच केली. लुगडं दोनदा पायात आलं. पण सलाम झकास आहे म्हणे.

गुडाखूची डबी संपली. ठरल्याप्रमाणे बंद करणार होती, पण कांतानं नवी आणली. मीच सांगतलं होतं आणायले, हे खरं आहे. पण तिनं विसरायले पाहिजे होतं.

२८ जून, गुरुवार

अर्ज रजिस्टरनं गेला. पाकीट चिकटवायच्या आधी मी त्यात चार रेवड्या टाकल्या, कागदात गुंडाळून. लाच नाही. घर कसं आहे हे साहेबाले कळावं म्हणून. प्रेमिलाले सांगतलं नाही, ती लाजते. पोस्टातल्या बाबूनं पाकीट दाबून पाहिलं. म्हणे, यात काय आहे वं बाई? मी म्हटलं, नातीचं कॉलेज आहे, हळू धर.

११ जुलै, बुधवार

बोलावणं आलं!

चोवीस जुलै, कामठीले, मिलिटरीच्या दवाखान्यात. सकाळी तोंडी परीक्षा, दुपारी अंगाची तपासणी. डोळे, कान, छाती, दात.

रेवड्यांनी काम केलं. चिठ्ठीत त्याबद्दल एक शब्द नाही, पण सरकारी माणसं असं लेखी देत नसतात.

गल्लीत साखर वाटली. कांता म्हणे, आत्याबाई, अजून काही झालं नाही, आताच कायले वाटता? मी म्हटलं, झाल्यावर पेढे वाटीन, साखर व्हायच्या आधीचीच असते.

१५ जुलै, रविवार

प्रेमिलाचं तोंड तपासलं, बॅटरी लावून. साहेबाच्या आधी घरच्या माणसानं पाहिलेलं बरं. खालच्या उजव्या दाढेत भोक! काळं!

ती म्हणे, आजी, दुखत नाही ते. कॉलेजच्या दवाखान्यातल्या मॅडमनं पाहिलं, येत्या तेवीसले ये म्हणाल्या, भरून देते. मी म्हटलं, चोवीसले परीक्षा अन् तेवीसले लिपापोती? साहेब काय आंधळा आहे? काल सारवलेली भिंत मले बी ओळखू येते. ती म्हणे, दात अन् भिंत वेगळी असते, आजी. आणि पुस्तक वाचायले लागली.

शिकल्यामुळं पोरीइले कमी कळायले लागते, हे मी पाहून राहिली.

निश्चय: दाढ मी घरीच बरी करीन.

१७ जुलै. लवंग भरली. काही नाही.

१८ जुलै. हिंग भरला. म्हणे, आजी, तोंडाले आमटीसारखा वास येऊन राहिला. थुंकून आली.

१९ जुलै, गुरुवार. मंग माझं स्वतःचं औषध काढलं. दुपारी ती वाचता वाचता झोपली, तोंड उघडं होतं. गुडाखूचा बारीक गोळा केला अन् दाढेच्या भोकात दाबून बसवला. चाळीस साल मी घासून राहिली. माझे अकरा दात अजून जागेवर आहेत.

२० जुलै. प्रेमिलाचा गाल सुजला. हवा बदलली त्यानं.

२१ जुलै, शनिवार

सूज वाढली. एक डोळा लहान दिसून राहिला. पोट्टी भिंतीकडं तोंड करून पडली आहे. पेजेशिवाय काही जात नाही. पुस्तक उशाशी उघडंच आहे, पान पलटत नाही.

कांता म्हणे, आत्याबाई, तुम्ही काही लावलं का तिले? मी म्हटलं, मी? जे लावलं ते तिनं कधीचंच थुंकलं.

शाळेसमोर चिक्की घेऊन बसली, पण सुट्टे पैसे देतानं दोनदा चुकली.

२२ जुलै, रविवार. सकाळी ९

परवा परीक्षा. असं तोंड घेऊन गेली तं फॉर्मवरचा फोटो अन् पोट्टी जुळणार नाही, फाटकावरूनच परत पाठवतील. कॉलेजचा दवाखाना आज बंद. प्रेमिला म्हणे, उद्या मॅडम आहेत, उद्यापर्यंत थांबते मी. बोलतानं डोळ्यातून पाणी. मी म्हटलं, उद्या इलाज केला तं परवा सूज तशीच. आज दाढ निघाली तं दोन दिवस मिळतात. नत्थू बसला असंल. ती नाही, नाही म्हणत होती. हात जोडले तिनं. मंग मी रडली. खरंच रडली, नाटक नाही. चार साल अन् मिलिटरी अन् सगळं एका गालापायी जाऊन राहिलं, रडू नको तं काय करू? मले रडताना पाहून ती उठली अन् चपला घातल्या.

दुपारी २

नत्थूनं काम केलं. रविवारची गर्दी होती, चार लोक पाहायले उभे. पहिले जी काढली ती चांगली निघाली, पांढरीशुभ्र. मी म्हटलं, अबे, हे नाही! तो म्हणे, माय, सुजल्या तोंडात दोघी बहिणी सारख्याच दिसतात. मंग बाजूची किडकी काढली. पैसे एकाचेच घेतले, मी बोललीच तशी. दोन्ही दाढा पदराले बांधून आणल्या.

एकाच्या पैशात दोन! प्रेमिला रिक्षात दुसरीकडं तोंड करून बसली. तोंडात कापूस होता.

मारोतीले सांगायची गरज नाही. तो जाऊन नत्थूशी भांडीन. नत्थू गरीब माणूस आहे.

२३ जुलै, सोमवार. सूज उतरली! पूर्ण नाही, पण ओळखू येते. मी म्हटलं नव्हतं? मी नसती तं या घराचं काय झालं असतं.

२४ जुलै, मंगळवार

सकाळच्या बसनं कामठीले गेलो, मी अन् प्रेमिला. मी धुतलेलं पांढरं लुगडं नेसली. फाटकावर बंदूकवाला जवान. म्हणे, अम्मा, आप बाहर. मी सलाम ठोकला, धोंडबानं शिकवला तसा. त्यानं बी ठोकला. पण आत नाही सोडलं. नाव विचारलं. मी म्हटलं भीमाबाई, परीक्षावालीची आजी. तेव्हा त्यानं कडुलिंबाखाली बसायले रिकामा डबा देल्ला.

चार तास बसली. जवान बिहारचा, तीन पोरं, घरी म्हैस. त्याची बी दाढ दुखून राहिली होती. मी नत्थूचा पत्ता देल्ला.

एकले प्रेमिला बाहेर आली. धावतच आली! म्हणे, आजी, सगळं आलं मले! पाच साहेब होते. एकानं विचारलं, दाताचंच काहून शिकायचं आहे? मी म्हटलं, आमच्याकडं लोकाइले दात म्हणजे उपटायची वस्तू वाटते, मले ते वाचवायचे आहेत. साहेब खुर्चीत मांगं टेकले अन् म्हणाले, व्हेरी गुड.

मले लय अभिमान वाटला. कोणत्या लोकाइबद्दल बोलली ते नाही समजलं.

डब्यातली अर्धीच भाकर खाल्ली तिनं, अन् दुपारच्या तपासणीले गेली. जातानं मांगं वळून हात हलवला.

साडेचारले आली. या वेळी चालत आली. माझ्यासमोरून सरळ बसकडं गेली. बसमध्ये खिडकीकडं तोंड. मी म्हटलं, काय झालं वं? म्हणे, काही नाही, आजी.

खूप आनंद झाला की माणसाले बोलता येत नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मी बी अशीच बसली होती.

२५ जुलै, बुधवार

अनफिट.

काल कामठीले प्रेमिलाले देल्लेला कागद मारोतीनं सगळ्याइसमोर वाचला. मिलिटरीत दाताले मार्क असतात म्हणे! समोरच्या दाताले एक, दाढेले दोन. ते बी वरखाली जोडी असंल तंच. मिळून चौदा पाहिजेत. लहानपणच्या तीन दाढा आधीच गेलेल्या, अन् आता दोन कमी, म्हणून प्रेमिलाचे बारा भरले. बाकी सगळं पास. डोळे पास, कान पास, छाती पास, तोंडी परीक्षेत पहिली.

असे मार्क असतात हे आधी नाही सांगायचं? धोंडबा म्हणे, त्याइच्या वेळेस असंल तं असंल, लंगरात दात मोजत नव्हते, चपात्या मोजत होते.

मारोतीनं विचारलं, दाढा गेल्या कुठं? मी गहू निवडून राहिली होती. प्रेमिला म्हणे, बाबा, मी रविवारी सायकलवरून पडली. दोन तुटल्या.

मले तं हे माहीतच नव्हतं! कधी पडली? कोणाच्या सायकलवरून? पण शिकलेली पोट्टी आहे, खोटं कायले बोलीन. म्हणजे नत्थूकडं जायच्या आधीच दाढा हालत असतील. नत्थूनं फक्त उचलून घेतल्या. मले पहिल्यापासून वाटतच होतं की त्या इतक्या सहज कशा निघाल्या.

कांता माझ्याकडं पाहून राहिली होती. गव्हात खडे लय होते.

२७ जुलै, शुक्रवार

कागदाच्या खाली लिहिलं आहे, हरकत असंल तं दहा दिवसांत पुन्हा तपासणी मागता येते. हे मारोतीनं सोडून देल्लं होतं, मी दुसऱ्यांदा वाचायले लावलं तेव्हा सापडलं. पाहा!

निश्चय: दाढा परत बसवायच्या. मी त्या मिठाच्या पाण्यात ठेवल्याच होत्या. बर्डीले नेल्या. नत्थूले म्हटलं, बसव. तो म्हणे, माय, दात आहे तो, खुंटी नाही. मी म्हटलं, काढला कोणी? म्हणे, काढायचा धंदा आहे माझा, लावायचा नाही. लय भांडली मी. लोक जमले. मंग त्यानं चादरीवरून एक तारेवाली नकली दाढ काढून देल्ली. म्हणे, हे घे अन् जा, गिऱ्हाईक पळून राहिलं.

घरी आणली. प्रेमिलानं हातात घेऊन उजेडात पाहिली. म्हणे, आजी, नकली दाताले मार्क नसतात. अन् हा बकरीचा आहे.

३० जुलै, सोमवार

धोंडबा कामठीले गेला, जुना पट्टा लावून. तिथल्या कर्नल साहेबाले त्यानं पाच साल ऑम्लेट खाऊ घातलं आहे, तो त्याचा शब्द मोडणार नाही. मी खात्रीनं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तीनले परत आला. कर्नल साहेब अडुसष्टमध्येच रिटायर झाले. पण लंगरात जेवून आला. म्हणे, भीमाबाई, दाळ पातळ झाली आता मिलिटरीची.

फी भरायले सात दिवस राहिले.

१ ऑगस्ट, बुधवार

आज मी एकटीच गेली. घरी सांगतलं, गूळ आणायले इतवारीत चालली.

फाटकावर तोच जवान. गाल सुजलेला. नत्थूकडं गेला होता म्हणे. या वेळी डबा नाही देल्ला.

उन्हात उभी राहिली. दाताचा कॅप्टन साहेब दुपारी जेवायले निघाला, तेव्हा मी वाटेत आडवी उभी राहिली. पायच धरणार होती, त्यानं वरच्या वर हात पकडले. मारोतीपेक्षा लहान पोट्टा. म्हणे, अम्मा, लड़की बहुत होशियार है. मैंने तीन बार गिने. तीनों बार बारह. मी म्हटलं, साहेब, माझ्या तोंडात अकरा आहेत. दोन तिच्या नावावर लिहून घ्या, घरातल्या घरातच आहेत. मी तोंड उघडून दाखवलं. तो हसला नाही. म्हणे, अम्मा, एक दाढ़ भी बच जाती तो चौदह हो जाते. दोबारा आएगी तो फिर बारह ही निकलेंगे. मंग विचारलं, किसने निकाली?

मी म्हटलं, सायकलवरून पडली.

तो म्हणे, सायकिल से गिरो तो होंठ फटता है, आगे के दाँत टूटते हैं. पीछे की दो दाढ़ें जड़ से नहीं निकलतीं. लड़की ने भी यही कहा था. मैंने आगे नहीं पूछा. आप भी घर जाइए, धूप है.

बसमध्ये बोटावर हिशेब केला. बारा अन् दोन चौदा. म्हणजे किडकी एकटी गेली असती तरी चालत होतं. म्हणजे जी नत्थूनं फुकटात काढली, तिच्यापायी...

पेन्सिल बोथट झाली. आज इतकंच.

४ ऑगस्ट, शनिवार

मारोतीनं फीसाठी गिरणीत सगळीकडं उसने पैसे मागून पाहिले. कोणी नाही. कांतानं गळ्यातलं काढून त्याच्यासमोर ठेवलं. प्रेमिलानं उचललं अन् परत तिच्या गळ्यात घातलं. म्हणे, आई, पहिलं साल निघीन यानं, दुसऱ्याले काय काढशील?

पुन्हा तपासणीचा अर्ज तिनं केलाच नाही. मी म्हटलं, काहून नाही केला? म्हणे, आजी, मोजून पाहिले मी.

मी गुडाखूची डबी नालीत फेकली. भरलेली. खरंच फेकली. संध्याकाळी दोनदा नालीपर्यंत जाऊन आली, पण काढली नाही. पाणी वाहतं होतं.

६ ऑगस्ट, सोमवार

प्रेमिला सकाळीच कॉलेजात गेली. मी बी गेली मांगं मांगं. तिनं बाबूले लिहून देल्लं की जागा घेत नाही. बाबू म्हणे, बाई, पाचपर्यंत थांब ना, काय घाई आहे? फीचं काही जमलं तं. ती म्हणे, खालच्या नंबरवालीले गावावरून यायले वेळ लागीन, तिले आताच कळवा.

तरी मी पायऱ्यांवर पाचपर्यंत बसली. तिले बी बसवलं. सांगता येत नाही, कोणाले दया आली तं. कामठीवरून जीप आली तं. एक जीप आली बी. ते बर्फवाले होते.

पाचले नवं नाव लागलं. काटोलची कोणी आहे. प्रेमिलानं ते नाव मोठ्यानं वाचलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. म्हणे, चला, तिचं झालं.

रस्त्यानं म्हणे, टेलिफोनच्या ऑफिसात टेम्परवारी जागा आहे, सोमवारपासून जाईन. मी म्हटलं, एक साल काढ. पुढल्या जूनमध्ये पुन्हा फॉर्म भरू, या वेळी आपल्याले सगळं माहीत आहे. ती म्हणे, आजी, दाढ पुन्हा येत नसते.

रागानं नाही म्हणाली. समजावून सांगतलं, मॅडम सांगतात तसं.

७ ऑगस्ट, मंगळवार

निश्चय: मारोतीले खरं काय ते सांगायचं.

सकाळी सांगणार होती, गिरणीचा भोंगा झाला. संध्याकाळी तो थकून आला. थकलेल्या माणसाले असं सांगू नये.

८ ऑगस्ट. त्याचं डोकं दुखत होतं.

९ ऑगस्ट. आज तो खुश होता. खुश माणसाले बी सांगू नये.

१० ऑगस्ट. मीठ संपलं, दुकानात गेली. गर्दी होती.

१२ ऑगस्ट, रविवार

दुपारी सगळे एकत्र जेवायले बसले. उद्या प्रेमिला नोकरीवर जाणार.

मी उभी राहिली अन् सगळं सांगतलं. झोपेत गुडाखू दाबला ते. सूज. ती हात जोडत होती अन् मी नेलं ते. नत्थूनं पहिले चांगली काढली, मंग किडकी. पडली-बिडली काही नाही हे बी. आता मारा मले नाही तं काशी दाखवा, असं म्हटलं. डोळे मिटून बोलली, एका श्वासात.

डोळे उघडले तं कोणी जेवायचं थांबलं नव्हतं.

मारोती म्हणे, माहीत आहे, माय. प्रेमिलानं कामठीवरून आल्याआल्याच सांगतलं होतं. तुह्यासमोर पडली असंच म्हणायचं, असं ठरलं होतं आमचं.

कांता ताटात पाहत होती. प्रेमिला डाव्या बाजूनं चावत होती, हळूहळू.

मारोतीनं ताट पुढं केलं. म्हणे, भाजी वाढ.

वाढली.